ओढ्याकडून वर

डोंगर चढायला त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती डोंगर ऐकायला. गेली बारा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तो सासऱ्यांच्या पाठोपाठ एकाच डोंगराची एकच सोंड चढत आला होता, आणि त्या सोंडेवरचा दगड न् दगड त्याला पायांआधी कानांनी ठाऊक झाला होता. "मूळ आहे, डावीकडून घ्या." "आता माती सैल." "वाकलेलं झाड, डोकं सांभाळा." अलीकडे तर या पाठात आकडेही शिरले होते. "एकशे चाळीस पावलं, मग उंच पायरी." तो मागून हुंकार भरायचा, दात आवळायचा आणि मनाशी म्हणायचा की हा डोंगर नव्हे, ही डोंगराची यादी आहे, कुणीतरी ती मोठ्याने वाचतंय आणि आपण सुट्टीच्या दिवशीही ती ताडून बघतोय.

ताडून बघणं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. तो मुद्रितशोधक होता. छापखान्याकडे जाण्याआधीची पानं वाचायची, निसटलेला काना, उलटा पडलेला आकडा, दोनदा आलेली ओळ शोधायची आणि समासात लाल खूण करायची. चारशे पानांच्या ग्रंथात एक अनुस्वार राहिला तर त्याला आठवडाभर अन्न गोड लागत नसे. सासरे निवृत्त लिफ्ट निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट तपासल्या, दोर मोजले, ब्रेक दाबले, दारं आपटून पाहिली. घरात त्यांच्यामागे त्यांना सगळे 'निरीक्षक' म्हणत. धाकट्या मुलीने, म्हणजे याच्या बायकोने, ते एकदा तोंडावरही म्हटलं होतं आणि निरीक्षकांना ते मुळीच लागलं नव्हतं.

या रविवारची गोष्ट मात्र वेगळी होती, कारण शनिवारी दुपारी बायको त्याच्या खोलीत आली होती. खोली म्हणजे काय, तर काचा लावून बंद केलेली गॅलरी: एक टेबल, एक खुर्ची, जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेले कागदांचे गठ्ठे, आणि समोरच्या इमारतीच्या दोऱ्यांवर वाळणारे परक्या माणसांचे सदरे. या साडेसहा बाय पाच फुटांत तो दिवसातले नऊ तास काढी, आणि जगात त्याचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

"उद्या बाबांकडे नीट बघ," ती दारातच उभी राहून म्हणाली. आत उभं राहायला जागा नव्हती.

"बारा वर्षं त्यांच्या पाठीकडेच बघतोय."

"थट्टा नकोय. ताईचा फोन होता. ती म्हणते, शहात्तराव्या वर्षी माणसाला एकटं ठेवणं बरं नाही. तिला तिकडे दुसऱ्या देशात बसून म्हणायला काय जातंय. पण मला खरंच कळत नाही रे. मी गेले की ते खुर्चीत ताठ बसतात, मलाच चार प्रश्न विचारतात, आणि मी खाली उतरल्यावर माझ्या लक्षात येतं की आपण काहीच विचारलं नाही. तू पाच तास बरोबर असशील. एवढंच बघून ये, ते एकटे राहू शकतात की नाही."

"आणि नसतील राहू शकत तर?"

तिने फक्त टेबलाकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे, मग तिथे पलंग कसा बसेल ते डोळ्यांनी मोजलं. बारा वर्षांच्या संसारात त्याला तिची एवढी नजर वाचता येत होती.

त्यामुळे अहवाल त्याने चढाईच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, एका शब्दाचा: ठणठणीत. आणि तो लिहिला म्हणून स्वतःवर चिडलाही होता. कारण त्याच्या धंद्याचा एक नियम आहे. ओळखीचा मजकूर डोळ्यांना फसवतो. जे छापलंय ते दिसत नाही, जे छापलेलं असायला हवं तेच दिसतं. म्हणून मुरलेला मुद्रितशोधक शेवटचं वाचन उलटं करतो, तळाच्या ओळीपासून वर. रविवारी सकाळच्या रिकाम्या बसमध्ये, शेजारी सासरे काठी गुडघ्यांत धरून बसलेले असताना, त्याच्या मनात आलं की सोंडेच्या वाटेने गेलो तर आपल्याला आज काही दिसायचं नाही. ती वाट पाठ आहे आणि तो पाठही पाठ आहे. दुसऱ्या अंगाने जावं. या विचारात कर्तव्य किती आणि निव्वळ वैताग किती, हे त्याने निवडून बघितलं नाही.

पायथ्याशी बस वळते तिथे लाकडी पाटी होती. तिच्यावर डोंगराचा नकाशा आणि त्यावर दोन रेघा: लाल ती सोंडेची, निळी ती मागच्या खोऱ्यातून ओढ्याच्या कडेने वर जाणारी.

"बाबा, आज ओढ्याकडून जाऊ."

"कशाला?"

"बदल म्हणून."

"बदल हवा असेल तर माणसाने सदरा बदलावा. डोंगराला कशाला त्रास?"

"बारा वर्षं एकच वाट तुडवतोय आपण."

"चांगली आहे म्हणून तुडवतोय. वाईट असती तर एकदाच तुडवली असती."

"हीसुद्धा चांगलीच आहे. पाटीवर लिहिलंय, चढ सोपा आहे. बघा तरी."

सासऱ्यांनी पाटीकडे मान वळवली, पण जरा तिरपी, पाटीच्या मागून कसला तरी आवाज येत असल्यासारखी. "अंतर किती दिलंय?"

"इथे आहे की. वाचा."

"चष्मा घरी राहिला."

"गेल्या महिन्यातही घरीच राहिला होता."

"त्याला घर आवडतं," सासरे म्हणाले आणि सवयीने लाल रेघेच्या दिशेने चालू पडले. त्यांच्या त्या पाठीकडे, त्या ठाम, कुणाचंही न ऐकणाऱ्या पाठीकडे पाहून त्याच्या मनातलं सगळं एकदम वर आलं आणि जे बोलायला नको होतं तेच तो बोलला.

"घाबरलात का?"

पाठ थांबली. वळली. चौतीस वर्षं ज्या माणसाने अधांतरी लोंबणाऱ्या पेट्यांच्या छपरावर उभं राहून दोर मोजले होते, त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "पण पुढे तुम्ही. वाट तुमची, जबाबदारीही तुमची."

पहिला अर्धा तास त्याच्या आयुष्यातल्या मोजक्या सुखांपैकी एक होता. सासरे गप्प होते. मूळ आलं आणि गेलं, कुणी त्याचं नाव घेतलं नाही. झाड वाकलेलं होतं, त्याला त्याच्या वाकलेपणात एकटं राहू दिलं गेलं. ओढा कुठेतरी खाली स्वतःशीच बोलत होता, आणि झाडांमधून गाळून आलेला उजेड वाटेवर इतक्या तुकड्यांत सांडला होता की पाऊल कुठल्या तुकड्यावर टाकावं असा प्रश्न पडावा. शब्दांनी न वाचलेला डोंगर असा असतो तर, त्याला वाटलं. बारा वर्षं आपण तळटीपाच वाचत होतो.

मग त्याच्या टाचेवर बूट आदळला.

"बाबा, टाच."

"न सांगता थांबता तुम्ही. आधी सांगत जा."

"थांबण्याआधी सांगू?"

"गाड्यांना मागे लाल दिवे असतात ते काय शोभेला?"

दहा पावलांवर पुन्हा टाच. मग सासरे इतके मागे पडले की त्याला थांबून वाट बघावी लागली, आणि मग त्याच्या पाठीवरच्या पिशवीला मागून एकाएकी ओढ बसली. त्याने वळून पाहिलं. सासऱ्यांनी पिशवीचा लोंबता पट्टा मुठीत धरला होता.

"हे काय?"

"पळताय तुम्ही. लगाम घातलाय."

"मी पळत नाहीये. मी जवळजवळ उभा आहे."

"मग उभेच्या उभे चला सावकाश."

तो चालू लागला, मागे शहात्तर वर्षांचं वजन ओढत. दर चढाला पट्टा ताणला जाई, खांदा मागे खेचला जाई, आणि मनातल्या मनात तो बायकोला सांगत होता की तुझे वडील ठणठणीत आहेत, बैलालाही लाजवतील असे, फक्त गाडीला कोण जुंपलंय ते बघ. एका कुंपणाच्या टोकाशी कुणीतरी विसरलेला निळा रेनकोट खांबावर अडकवून ठेवला होता. सासरे त्याच्यापाशी थांबले आणि अदबीने म्हणाले, "नमस्कार. वर गर्दी आहे का हो?"

रेनकोट वाऱ्याने थोडा हलला.

"बाबा, तो खांब आहे."

सासऱ्यांनी काठीचं टोक खांबाला लावून पाहिलं. मग म्हणाले, "माहीत आहे. खांबांनाही विचारावं. माणसांसारखं घाबरलात का म्हणत नाहीत ते."

टोमणा नेमका बसला. तो हसला, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पुन्हा चिडला, कारण हसायला लागलं. त्याच्या धंद्यातल्या माणसाने इथे थांबायला हवं होतं, बोट ठेवायला हवं होतं. त्याने पान उलटलं.

ओढा आडवा आला तेव्हा सूर्य बराच वर होता. पाणी फार नव्हतं, गुडघ्याला लागेल इतकंच, पण वेगाचं आणि गार. पलीकडे जायला पाच दगड मांडलेले होते, चांगले रुंद, पांढरट, वर कोरडे. त्याने पट्टा सोडवून घेतला, पाच ढांगांत तो पार झाला आणि वळून उभा राहिला. सासरे अलीकडच्या काठावर होते. काठीने पाण्यात काहीतरी चाचपत होते.

"या ना."

"येतो."

"पाचच दगड आहेत."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? समोर."

"समोर म्हणजे किती समोर?"

"बाबा, आता पुरे. सकाळपासून मी ऐकतोय. ही वाट आपली नाही म्हणून रुसलात, ठीक आहे. पण निदान चालून तरी दाखवा. पाच वर्षांचं पोर जाईल इथून."

सासऱ्यांनी काठी उचलली, बगलेत धरली आणि पाऊल टाकलं. ते त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने टाकलं, पहिल्या दगडाच्या शेजारी, जिथे त्या दगडाची सावली पाण्यावर पडली होती. सावलीने काही त्यांना तोललं नाही. ते आधी गुडघ्यापर्यंत गेले, मग तोल सावरता सावरता खालीच बसले, आणि ओढा त्यांच्या कमरेभोवतून, वाटेत काही झालंच नाही अशा थाटात, पुढे वाहत राहिला.

तो बुटांसकट पाण्यात धावला. काखेत हात घालून त्याने त्यांना उभं केलं, अर्धवट ओढत, अर्धवट उचलत पलीकडे नेलं, एका मोठ्या खडकावर बसवलं. लागलं नव्हतं, तळहात सोलवटला होता, तेवढंच. ते कळलं आणि तळपाय गार पाण्याने बधिर झालेले असतानाही त्यांची आग मस्तकाला गेली.

"एवढा पांढरा दगड दिसला नाही तुम्हाला?"

"नाही," सासरे म्हणाले.

त्या एका शब्दात ना टोमणा होता ना सबब. इतका साधा शब्द सासऱ्यांच्या तोंडून त्याने याआधी ऐकलाच नव्हता. त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे पाहत होते.

"माझ्याकडे बघा."

"बघतोय."

"तुम्ही त्या झाडाकडे बघताय."

"झाडाकडे बघितलं की तुम्ही दिसता," सासरे म्हणाले. "तुमच्याकडे बघितलं की तुम्ही जाता."

पाणी त्यांच्या पँटीतून खडकावर ठिबकत होतं. तो शेजारी बसला. बूट काढून पाणी ओतलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"कधीपासून?"

"डावा चार वर्षांपूर्वी. मधोमध डाग आला आणि पसरला. उजव्याने दोन हिवाळे तग धरला, मग तोही मधून विरला. कडा आहेत. कडांवर बरंच भागतं. डॉक्टरकडे गेलो होतो, एकटाच. इलाज होता तेवढा केला, पुढचा नाही म्हणाले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"तुम्ही तर वाचणारे लोक. म्हटलं, वाचाल."

आता मात्र एकामागून एक पानं त्याच्यापुढे फडफडत उलटी येऊ लागली, आणि प्रत्येकावर चूक होती, ढळढळीत, लाल शाईची भीक मागणारी. हॉटेलात गेलं की सासरे पदार्थांची यादी त्याच्याकडे सरकवत, "तुम्हीच वाचा, तुम्हाला वाचायचे पैसे मिळतात". त्याला तो खडूसपणा वाटला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून गाडी विकली तेव्हा घरादाराने समजूतदारपणाचं कौतुक केलं होतं. गेल्या वाढदिवसाला ताईकडच्या, सुट्टीला आलेल्या नातीने रंगवलेलं कार्ड त्यांनी हातात घेऊन, उलटसुलट करून, "सुंदर" म्हणून खाली ठेवलं. नात हिरमुसली आणि त्याने मनात म्हटलं, म्हातारा कोरडाच. आणि सोंडेवरचे ते आकडे. मुळं आणि माती पहिल्यापासून होती, निरीक्षकाची खोड म्हणून. आकडे मागाहून आले होते, चार वर्षांपूर्वीपासून. ते त्याला कळले होते. त्याने त्यांची दखल घेतली होती, वैतागून. एक माणूस त्याच्या देखत दर महिन्याला डोंगर पाठ करत होता, हरवण्याआधी, आणि त्याला तो रटाळ वाटला होता.

त्याला स्वतःचा असा संताप आला की तो सासऱ्यांवरच काढणं सोपं होतं. "मग सकाळी पाटीपाशी का नाही सांगितलंत? मला नाही येत त्या वाटेने, दिसत नाही, एवढंच."

"तुम्ही विचारलंत घाबरलात का. त्याचं उत्तर हो होतं. ते द्यायचं नव्हतं मला."

मागे फिरायचं तर पुन्हा ओढा होता, म्हणून वरच गेले. आता पट्टा त्याने आपण होऊन हातात दिला आणि बोलत चालायला लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे काम येत नाही आपल्याला.

"इथे जरा हे आहे, बघून."

"हे म्हणजे काय? मूळ की दगड?"

"मूळ."

"उंच किती?"

"असेल वीतभर."

"असेल नको. आहे की नाही?"

"आहे."

"मग तसं सांगा. शब्दांवर पोट भरता आणि एक शब्द धड देत नाही."

"तुम्ही पाण्यात बसला होता, बाबा, मघाशी. जरा मऊ बोला."

"पाण्यात मी बसलो होतो. मऊ तुम्ही का पडताय?"

असे भांडत, अडखळत, दोघेही घोट्यापर्यंत चिखलाळलेले, ते माथ्यावर पोचले तेव्हा नेहमीपेक्षा पावणेदोन तास उशीर झाला होता. माथा म्हणजे एक सपाट कातळ, त्यावर दगडी बाक, आणि चहूबाजूंनी खाली उतरत गेलेलं जग. वारा होता. मोजे वाळत घातले. पाव आणि उकडलेली अंडी काढली. सासरे अंडं सोलू लागले, न बघता, अंगठ्याने कवच चाचपत, आणि एकही कण न ठेवता त्यांनी ते सोललं. त्याच्या अंड्याला दोन ठिकाणी कवच राहिलं होतं.

"तर," सासरे म्हणाले, "तिला काय सांगणार?"

"कुणाला?"

"जावईबापू, मी जन्मभर तपासण्या केल्यात. तपासायला आलेला माणूस मला आवाजावरून कळतो. सकाळपासून तीनदा विचारलंत, बरं वाटतंय ना. बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं."

आता लपवून उपयोग नव्हता, आणि लपवायचा कंटाळाही आला होता. "तुम्ही एकटे राहू शकता की नाही ते बघून ये म्हणाली. नसाल तर तुम्ही आमच्याकडे. माझ्या खोलीत. म्हणून मी ठरवलं होतं, ठणठणीत आहात असं सांगायचं."

"माझ्यासाठी?"

"नाही. खोलीसाठी."

सासरे अंडं खात राहिले. "बरं झालं सांगितलंत. कारण तरी खरं आहे. दयेपोटी खोटं बोलणार असता तर मला राग आला असता."

"पण आता तसं सांगता येत नाही."

"का नाही? मला दिसत नाही हे तुम्हाला तरी कुठे दिसत होतं? कालच्याइतकाच मी आज आंधळा आहे. घर मला पाठ आहे. गॅस कानाने कळतो, दूध वासाने, जिना पायाने."

"आणि एखाद्या दिवशी नाही कळला गॅस तर? तुमच्या वरती चार मजले माणसं आहेत, बाबा. सहापैकी एक दोर उसवलेला असताना लिफ्ट चालू ठेवली असतीत तुम्ही?"

हे बोलल्यावर त्याला वाटलं, फार झालं. खालच्या खोऱ्यावरून ढगाची सावली सरकत गेली. ती त्यांना कडेने दिसली की नाही कोण जाणे.

"नसती ठेवली," ते म्हणाले. "पाच दोरांवर ती वर्षभर चालली असती. तरी नसती ठेवली." त्यांनी कवचाचे तुकडे गोळा करून कागदात बांधले. "पण एक सांगतो. लिफ्ट बंद करण्याआधी मी जिना चढायचो. तळापासून गच्चीपर्यंत. बरोबरचे लोक हसायचे, नियमात नव्हतं ते. पण मी बघायचो. जिन्यात उजेड आहे का, कठडा हलतो का, कुणी सायकली आडव्या घातल्यात का. उद्यापासून लोकांना तिथूनच जायचंय ना? जिना चढल्याशिवाय मी बंदची पाटी कुठेही लावली नाही. एका इमारतीत एका दिवशी अकरा मजले दोनदा चढलो, कारण पहिल्यांदा मोजताना चुकलो होतो."

"बरं मग?"

"मग काय. मला बंद करायला आलात. करा. जिना चढलात का?"

त्याला कळेना की हा हट्ट आहे, शहाणपण आहे, की दोन्ही एकाच दोराला बांधलेले आहेत. "म्हणजे मी काय करायचं, स्पष्ट बोला."

"आठ दिवस माझ्याकडे राहायला या. मी काय करतो ते बघा, काय सुटतं तेही बघा. कुठे मी भाजतो, कुठे सांडतो, कुठे नुसता बसून राहतो. खरं ते टिपा. मग तुम्ही म्हणाल तिथे मी सही करतो. तुमच्या खोलीत यायला सांगाल तर येईन, आणि खोली फार लहान आहे म्हणून रोज कुरकुर करेन. पण एका रविवारवर नाही. एका रविवारात मीसुद्धा कुठली लिफ्ट बंद केली नाही."

गुरुवारी त्याला चारशे पानं द्यायची होती. सासऱ्यांच्या घरात पहाटे पाचला रेडिओ सुरू होतो हे सगळ्या खानदानाला माहीत होतं. दिवाणखान्यातला दिवाण मधून खचलेला होता. आणि जेवताना सासरे जे बोलत ते लिफ्टबद्दल बोलत. नको म्हणणं किती सोपं होतं. ठणठणीत म्हणणं तर त्याहून सोपं होतं, एका शब्दाचं काम, आणि तो शब्द तयार होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, कारण इतका वेळ खोऱ्यात नसलेला सिग्नल माथ्यावर आला होता.

"कुठे आहात तुम्ही?" बायको म्हणाली. "दोन तास फोन लावतेय. बाबा कसे आहेत?"

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे दरीकडे तोंड करून बसले होते. म्हणजे त्याच्याकडेच बघत होते.

"बाबांना नीट दिसत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? चष्म्याचा नंबर?"

"चष्म्याने जायचं नाही ते. मधलं दिसत नाही."

"डावा गेलाय," सासरे शेजारून बोलले. "उजव्याच्या कडा शिल्लक आहेत. अर्धवट माहिती देऊ नका."

"डावा गेलाय," त्याने फोनमध्ये म्हटलं. "उजव्याच्या कडा आहेत. चार वर्षं झाली. आज ओढ्यात पडले. लागलेलं नाही, हात सोलवटलाय. पडले ते माझ्यामुळे, मी त्यांना नव्या वाटेने आणलं."

पलीकडून ती अगदी हळू म्हणाली, "चार वर्षं. मी दर बुधवारी जाते."

"मीही दर महिन्याला येतो."

"म्हणजे आता त्यांना आपल्याकडे आणायचं."

"ठरायचंय ते. मी इथून परस्पर त्यांच्याकडे चाललोय. आठ दिवस राहतो. नीट बघतो आणि मग तिघं मिळून ठरवू. ताईला तूर्त काही कळवू नकोस."

"तू? बाबांकडे? आठ दिवस?" तिच्या स्वरात काळजीपेक्षा आश्चर्य जास्त होतं, आणि ते त्याला झोंबलं. "तुला त्यांच्याबरोबर एक जेवण काढवत नाही."

"माहीत आहे मला. तू ऐक. टेबलावर डावीकडचा गठ्ठा आहे, निळ्या दोरीचा, तो संध्याकाळी आणून दे. लाल पेनं. आणि एक टेबललँप."

"लँप कशाला? बाबांकडे दिवे नाहीत का?"

फोनमधला आवाज मोठा होता. सासऱ्यांनी तो ऐकला. "दिवे आहेत की," ते म्हणाले. "दोन वर्षं लावले नाहीत. कुठले चालतात ते काही मला सांगता येणार नाही."

त्याने ते वाक्य जसंच्या तसं बायकोला सांगितलं, काही न गाळता, काही न सावरता. पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते वाऱ्यात कळलं नाही. मग ती म्हणाली की लँप आणते, चार बल्बही आणते, आणि फोन बंद झाला.

मोजे अजून ओलेच होते. त्याने ते तसेच चढवले, सासऱ्यांचे बूट शोधून त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवले आणि म्हणाला, "एक आत्ताच सांगून ठेवतो, बाबा. पाच वाजता रेडिओ चालणार नाही."

"साडेपाच," सासरे म्हणाले.

"सात."

"सहा. आणि बातम्या तुम्ही मध्ये बोलून बुडवायच्या नाहीत."

"सहा," तो म्हणाला, आणि पट्टा त्यांच्या हातात दिला.